पीएमपीची बस, कंपनीचा ड्रायव्हर: हा काय प्रकार?

प्रश्न: भेकराईनगरहून मी नेहमी पीएमपीच्या इलेक्ट्रिक बसने जातो. कंडक्टर पीएमपीचा असतो, ड्रायव्हर मात्र म्हणतो, "मी कंपनीचा माणूस." मग बस नक्की कोणाची? डिझेलपेक्षा कितीतरी महागडी गाडी तोट्यात चालणाऱ्या संस्थेला परवडते कशी? आणि माझी छोटी बेकरी आहे, माल पोचवायला आम्हालाही असं काही जमेल का?
— एक वाचक, हडपसर

उत्तर: बस कंपनीची. पीएमपीने ती विकत घेतलेलीच नाही. वऱ्हाडासाठी आपण बस ठरवतो, तशी तिने ही बस ठरवली आहे. फरक इतकाच की हे ठरवणं दहा-बारा वर्षांचं असतं आणि पैसे किलोमीटरमागे मोजायचे असतात. सरकारी कागदांत याला ग्रॉस कॉस्ट कॉन्ट्रॅक्ट म्हणतात, अधिकारी नुसतं 'जीसीसी' म्हणतात. गाडी, ड्रायव्हर, देखभाल आणि बॅटरीची जबाबदारी कंपनीची. मार्ग, वेळापत्रक, कंडक्टर आणि तिकिटाचा गल्ला पीएमपीचा. विजेचं बिल कोणी भरायचं, ते करारागणिक बदलतं. पुण्यात फेब्रुवारी २०१९ मध्ये या गाड्या सुरू झाल्या, आणि तुमचा भेकराईनगर डेपो अगदी सुरुवातीच्यांपैकी आहे.

आता परवडण्याचं गणित. बारा मीटरची इलेक्ट्रिक बस कोटीच्या वर जाते. पण शहराच्या गर्दीत डिझेलची एसी बस लिटरला जेमतेम तीन-चार किलोमीटर देते, म्हणजे किलोमीटरला पंचवीसेक रुपयांचं डिझेल. इलेक्ट्रिक बसला तेवढ्याच अंतराला साधारण सव्वा युनिट पुरतं, म्हणजे दहा-अकरा रुपये. गाडी जितकी जास्त पळेल, तितका जादा मोजलेला पैसा लवकर सुटतो. म्हणूनच करारात दिवसाला अमुक किलोमीटर देण्याची हमी असते. तेवढे मार्ग दिले नाहीत, तरी ठरलेल्या हिशेबाने पैसे द्यावे लागतात.

सुटी खरेदी महाग पडते, हे किराणा भरणाऱ्याला सांगायला नको. २०२२ मध्ये केंद्राच्या सीईएसएल कंपनीने दिल्ली, कोलकाता, बंगळुरू, हैदराबाद आणि सुरत या पाच शहरांची मागणी एकत्र करून ५,४५० बसची एकच निविदा काढली. बारा मीटरच्या बसला सर्वांत कमी दर आला किलोमीटरला ४३ रुपये ४९ पैसे. एकेकट्या महापालिकेला असा भाव मिळणं कठीण.

खरी मेख मात्र भावात नाही, उधारीत आहे. परिवहन संस्था बिलं थकवतात, हे बँकांना पुरतं ठाऊक आहे. मग त्या कंपनीला कर्ज देताना हात आखडता घेतात किंवा व्याज चढवतात, आणि ते व्याज फिरून किलोमीटरच्या दरात येऊन बसतं. यावर उपाय म्हणून केंद्राने सप्टेंबर २०२४ मध्ये ३,४३५ कोटी रुपयांची हमी योजना मंजूर केली. संस्थेने पैसे थकवले, तर आधी या निधीतून कंपनीला द्यायचे आणि मग राज्याकडून वसूल करायचे. माझ्या मते फुकट अनुदानापेक्षा ही हमी जास्त कामाची आहे.

दुसरी अडचण विजेची. पन्नास बसचा डेपो धरा. प्रत्येकीला रात्री दोनशे युनिट लागले, तर झाले दहा हजार युनिट, तेही पाच-सहा तासांत. याला साधं मीटर चालत नाही. उच्चदाब जोडणी हवी, ट्रान्सफॉर्मर हवेत, केबलसाठी रस्ता खणायची परवानगी हवी. (तीही आपल्याच महापालिकेकडून. अर्ज तरीही करावाच लागतो.) गाड्या येऊन उभ्या आणि वीज नाही, असं होऊ द्यायचं नसेल तर निविदेआधी महावितरणच्या अभियंत्याला डेपोत बोलवावं.

या पद्धतीत दोष नाहीत असं नाही. पैसे किलोमीटरचे, म्हणून प्रवासी चढला काय नि राहिला काय, कंपनीचं बिघडत नाही. थांबा चुकवल्याचा दंड करारात असतो तो यासाठीच. मुंबईत ऑगस्ट २०२३ मध्ये बेस्टच्या भाडेतत्त्वावरील गाड्यांचे कंत्राटी चालक पगारासाठी संपावर गेले, तेव्हा प्रवाशांना कळलं की बसवर नाव बेस्टचं असलं तरी स्टिअरिंगवरच्या माणसाचा मालक दुसराच आहे. एसटीनेही ५,१५० इलेक्ट्रिक बसचा करार केला, पण गाड्या ठरल्या वेळेत आल्या नाहीत. करार झाला म्हणजे गाडी आली, असं नसतं.

आता तुमची बेकरी. मालवाहू इलेक्ट्रिक तीनचाकी महिन्याच्या भाड्याने देणाऱ्या कंपन्या शहरात आहेत, काही ड्रायव्हरसकट देतात. बॅटरीवरच्या मालवाहू गाड्यांना २०१८ पासून परमिट लागत नाही. प्रश्न किलोमीटरचाच. पहाटे पाव टाकून दुपारी गाडी दारात उभी राहत असेल, दिवसाला वीस-पंचवीस किलोमीटरच होत असतील, तर घाई करू नका. सत्तर-ऐंशीच्या घरात जात असाल तर जरूर विचार करा. शेजारच्या दुकानदाराबरोबर भाड्याने घेतलीत तर एवढे किलोमीटर सहज भरतील. विकत घेणार असाल, तर कर्जाची मुदत आणि बॅटरीची वॉरंटी शेजारी शेजारी ठेवून वाचा. वॉरंटी आधी संपत असेल, तर सही करू नका.