प्रसंग पाहावयाचा, पण कोठून?

गतकाळांतील एखादा प्रसंग प्रत्यक्ष डोळ्यांनीं पाहण्याची मुभा मिळाली, तर कोणता मागाल, हा प्रश्न इतिहासाच्या तासाला केव्हां ना केव्हां निघतोच. उत्तरें बहुधा ठरलेलीं असतात. बहुतेक मुलें रायगडावरील राज्याभिषेक मागतात. कोणी पानिपताचें रणांगण मागतो, व आपण तेथें असतों तर निकाल फिरविला असता, असेंही सुचवितो. एखाद्या यंत्रवेड्या विद्यार्थ्याला १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून ठाण्यास निघालेली आगगाडी पाहावयाची असते. नुसती पाहावयाची नव्हे, तिच्या चौदा डब्यांपैकीं एकांत खिडकीजवळ बसावयाचें असतें. या सर्व इच्छा आम्हांस आवडतात. ज्याला गतकाळ पाहावासाच वाटत नाहीं, त्याला सनावळी कितीही पाठ असली तरी इतिहास आला, असें आम्ही म्हणणार नाहीं. मात्र अशा प्रत्येक विद्यार्थ्याला आम्ही एक उलट प्रश्न विचारतों: बाबा रे, तो प्रसंग तूं पाहणार खरा, पण कोठें उभा राहून?

राज्याभिषेकाचेंच उदाहरण घेऊं. शके १५९६, ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, म्हणजे ६ जून १६७४, या दिवशीं शिवाजी महाराज सिंहासनारूढ झाले. त्या दरबारास हजर असलेल्या एका परक्या माणसानें आपण काय पाहिलें तें लिहून ठेविलें आहे. हा हेन्री ऑक्झेंडन, मुंबईकर इंग्रजांचा वकील. सकाळीं सात-आठच्या सुमारास तो दरबारांत गेला. महाराज भव्य सिंहासनावर विराजमान झालेले त्यानें पाहिले. सिंहासनाच्या दोहों बाजूंस मुलामा दिलेल्या भाल्यांच्या अग्रांवर राजचिन्हें होतीं: मोठ्या दातांच्या मत्स्यांचीं सोन्याचीं मस्तकें, घोड्यांच्या शेपट्या, आणि न्यायाचें चिन्ह म्हणून सोन्याचा तराजू. वकील दूरच उभा होता. तेव्हां नारायण शेणवी या दुभाष्यानें नजराण्याची हिऱ्याची अंगठी उंच धरली. ती पाहून महाराजांनीं त्यांस जवळ बोलाविलें. पुढें वाड्याच्या दाराशीं दोन लहान हत्ती व दोन घोडे दिसले, तेव्हां इतक्या बिकट वाटेनें हीं जनावरें गडावर चढविलीं तरी कशीं, याचा त्यास अचंबा वाटला. हा शेवटचा तपशील आम्हांस सर्वांत मोलाचा वाटतो. सोन्याचें वर्णन घरीं बसलेला कवीही करील. हत्तींचा अचंबा ज्याला वाटला, तो मनुष्य स्वतःच्या पायांनीं गड चढलेला आहे, यांत शंका नाहीं.

परंतु हा मनुष्य व्यापाराचा तह करावयास आला होता, आणि त्याची नजरही त्याच कामाची होती. महाराजांची सुवर्णतुला झाली, तिचें वजन सुमारें सोळा हजार होन भरलें, हें त्यानें बिनचूक टिपलें. पण त्या अभिषेकाची गरज कां पडली, काशीच्या गागाभट्टांस त्यांत कां मान मिळाला, हें त्याला कितपत उमगलें असेल? आणि अकरा दिवसांनीं, १७ जून रोजीं, ज्या पाचाडास निवर्तल्या, त्या जिजाबाईंच्या मनांत त्या सकाळीं काय चाललें होतें, तें तर कोणत्याच वकिलास दिसणारें नव्हतें.

याच वकिलातीची हकीकत डॉक्टर फ्रायर या कंपनीच्या वैद्यानें आपल्या प्रवासवृत्तांत दिली आहे, व तींत एक खाटीक भेटतो. गडावरील खिचडीला इंग्रज कंटाळले, म्हणून त्यांच्यासाठीं बकऱ्याच्या मांसाची सोय झाली. तें पुरविणारा खाटीक म्हातारा होता, तरी तो गड चढून वर आला. कशासाठीं? सिंहासन पाहावयास नव्हे, तर आपलें गिऱ्हाईक पाहावयास! पूर्वीं कित्येक वर्षांत खपलें नव्हतें इतकें मांस या मूठभर परक्यांनीं थोड्या दिवसांत फस्त केलें होतें. ही गोष्ट सांगितली कीं वर्ग खदखदून हसतो. आम्हीही हसतों. पण हसून झाल्यावर मनांत येतें कीं, आपल्यापैकीं किती जण त्या दिवशीं दरबारांत असते, आणि किती जण या खाटकाच्या शेजारीं? स्वप्नांत आपण सर्वच मानकऱ्यांच्या पंक्तींत उभे असतों. परंतु पाणी वाहणारे, दगड घडविणारे, लाकूडफांटा चढविणारे, आणि ज्यांची सावलीही अंगावर नको होती असे गांवकुसाबाहेरचे, यांचेच वंशज आमच्या बाकांवर अधिक आहेत. त्यांपैकीं कोणी काय पाहिलें, तें कोणी विचारलें नाहीं. आणि त्यांना लिहितां येत नव्हतें.

शिवाय नुसतें जवळ असणेंही पुरेसें नसतें. लूकच्या शुभवर्तमानांत अम्माऊसच्या वाटेवरील दोघां शिष्यांची कथा आहे. ज्याच्याविषयीं ते शोक करीत होते, तोच त्यांच्याबरोबर चालत होता. तरी भाकर मोडीपर्यंत त्यांस ओळख पटली नाहीं.

आम्हांस मुभा मिळाली तर आम्ही पुणें मागूं, आणि सन १८५५. जोतीराव फुले यांचें इंग्रजी शिक्षण पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेंत झालें होतें. अहमदनगरास अमेरिकन मिशनच्या मिस फॅरार यांची मुलींची शाळा त्यांनीं पाहिली, आणि १८४८ सालीं बुधवार पेठेंत भिड्यांच्या वाड्यांत स्वतः मुलींची शाळा काढली. सावित्रीबाई तेथें शिकवूं लागल्या. शाळेस जातांना लोक त्यांच्या अंगावर शेणमाती टाकीत, असें सांगतात. म्हणजे इतिहासांतील एक मोठा प्रसंग त्या लोकांनीं अगदीं हाताच्या अंतरावरून पाहिला! प्रत्यक्षदर्शीच म्हणावयाचे, तर त्यांच्याहून जवळचे कोण?

या फुले दंपतीच्या शाळेंत मुक्ताबाई नांवाची मांग समाजांतील एक मुलगी शिकत होती. १८४२ सालीं सुरू झालेल्या ‘ज्ञानोदय’ या अमेरिकन मिशनच्या पत्रांत, १८५५ सालीं, तिचा निबंध दोन भागांत छापून आला. विषय महार-मांगांचें दुःख. वेदांवर आमचा अधिकार नाहीं, तर मग आमचा धर्म तरी कोणता, असें ती त्यांत विचारते. पेशवाईंत तालमीपुढून जाणाऱ्या महार-मांगांची काय गत होई, तें ती सांगते. डोक्यावर छप्पर नसलेल्या बायांचीं बाळंतपणें कशा हालांत होतात, तेंही सांगते. आणि आपल्याच लोकांस शिकण्याविषयीं विनविते. शाळकरी वयाच्या मुलीचा हा निबंध! आमच्या वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनीं तो अवश्य मिळवून वाचावा. निबंध कसा लिहावा याचे जे नियम आम्ही त्यांस फळ्यावर लिहून देतों, त्यांतील एकही तिला कोणी शिकविला नसावा, आणि तरी एक वाक्य वायां गेलेलें नाहीं.

निबंध उरला, तो लिहितांना तिला पाहणारा ऑक्झेंडन मात्र तेथें नव्हता. म्हणून आम्हांस तेंच पाहावयाचें आहे. आधीं ती पाटीवर लिहीत होती काय? खोडलें किती? टाक व कागद कोणीं पुरविला? बाळंतपणाचें तें वाक्य लिहितांना तिच्या डोळ्यांपुढें आई होती कीं शेजारीण? घरीं गेल्यावर तिनें तें कोणास वाचून दाखविलें काय, आणि ज्याला अक्षरओळख नव्हती त्याला, आपलेंच दुःख आपल्याच लेकीच्या तोंडून कागदावरून ऐकतांना, काय वाटलें? मुक्ताबाईच्या पुढील आयुष्याविषयीं इतिहास जवळजवळ मुका आहे. राहिली उभें राहण्याच्या जागेची गोष्ट. त्या वर्गांत शिरतांना कोणी जात विचारून अडविलें नसतें. मागच्या भिंतीशीं आपणां सर्वांस जागा होती.

आतां सुटीसाठीं एक काम. विद्यार्थ्यांनीं आपल्या घरांतील सर्वांत वृद्ध माणसापाशीं बसावें व विचारावें: आपल्या कुळांत पहिलें अक्षर कोणीं गिरविलें? कोणत्या गांवीं, कोणत्या सालीं? पाटी होती कीं धूळपाटी? शिकविणारें माणूस कोण होतें, आणि त्या दिवशीं घरांतलें कोण रागावलें? वडीलमंडळींनीं मुलें विचारूं लागल्यास कामाची सबब सांगूं नये. आठवेल तें नांवगांवासह वहींत उतरवूं द्यावें. पुढील अंकापूर्वीं अशा वह्या आमच्याकडे आल्या, तर त्या आम्ही सर्व वाचूं.