घर सोडण्यापूर्वी : गृहत्याग आणि चारिका यांविषयी एक पाठ



आपल्या वस्तीतील एखादा तरुण डोळ्यांसमोर आणा. तो बँकेत किंवा सरकारी कचेरीत कायम नोकरीला आहे. घरातला पहिला पगारदार तोच. पाच-सहा वर्षे नोकरी झाल्यावर एके दिवशी तो घरी सांगतो, ''मी राजीनामा देणार. जग पाहायला निघणार.'' आई डोळ्यांना पदर लावते, वडील काही बोलत नाहीत. विहारात विषय निघाला की एक म्हणतो, ''हा शुद्ध वेडेपणा आहे.'' दुसरा म्हणतो, ''का बरे? सिद्धार्थानेही राजवाडा सोडलाच की!''

दोन्ही उत्तरे घाईची आहेत. पहिला माणूस पगाराला शरण गेला आहे. दुसऱ्याने भगवंताचे नाव घेतले, पण भगवंतांनी घर कसे सोडले हे पाहिले नाही. या पाठात आपल्याला तेच पाहायचे आहे.

१. प्रवासाची इच्छा वाईट आहे काय?

मुळीच नाही. आपल्या समाजाने तरी ती वाईट मानू नये. आपल्या वाडवडिलांना वतनाने गावाशी बांधून ठेवले होते. महारकीच्या जोखडातून कायद्याने सुटका व्हायला १९५८ साल उजाडावे लागले. ज्याला गाव सोडता येत नव्हते त्याला जग कुठले दिसणार?

रस्तासुद्धा आपला नव्हता. १९०१ साली नऊ-दहा वर्षांचा भीमराव आपल्या भावंडांबरोबर वडिलांना भेटायला निघाला आणि मसूर स्टेशनवर उतरला. मुलांची जात कळताच एकही गाडीवान त्यांना नेईना. अखेर दुप्पट भाड्यावर एक जण तयार झाला, तोही या अटीवर की गाडी मुलांनीच हाकावी, तो बाजूने चालेल. जवळ शिदोरी होती, पण वाटेत प्यायला पाणी मिळाले नाही. पुढे संविधानाच्या १९व्या कलमाने भारतभर मुक्तपणे संचार करण्याचा हक्क प्रत्येक नागरिकाला दिला. आज आपली मुले विमानाने परदेशी जातात. ही गोष्ट अभिमानाची आहे.

तेव्हा जावे की नाही, हा प्रश्न नाही. कसे जावे आणि कशासाठी जावे, हा खरा प्रश्न आहे.

२. सिद्धार्थाने घर कसे सोडले?

आपण लहानपणापासून ऐकत आलेली कथा अशी : म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून सिद्धार्थाचे मन उडाले. मध्यरात्री झोपलेल्या यशोधरेकडे व राहुलकडे पाहून तो गुपचूप निघून गेला. ही कथा चित्रांतून घरोघर पोहोचली आहे. परंतु मज्झिमनिकायातील अरियपरियेसन सुत्तात भगवंतांनी स्वतः जे सांगितले आहे ते वेगळे आहे. आईवडिलांची इच्छा नसताना, ते अश्रू ढाळीत असताना, आपण केस-दाढी काढून घराबाहेर पडलो, असे ते सांगतात. म्हणजे घरच्यांना ठाऊक होते. धर्मानंद कोसंबी यांनी 'भगवान बुद्ध' या १९४०-४१ साली निघालेल्या ग्रंथात याच आधारावर मध्यरात्रीच्या कथेविषयी शंका उपस्थित केली आहे.

परमपूज्य बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात प्रश्न अधिक धारेवर धरला. एकोणतीस वर्षांच्या माणसाने तोपर्यंत म्हातारा, रोगी, प्रेत पाहिले नव्हते, हे बुद्धीला पटत नाही, असे ते म्हणतात. त्यांच्या मांडणीनुसार रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलिय यांच्यात तंटा होता. शाक्यसंघाने युद्ध ठरवले. सिद्धार्थाने युद्धाला विरोध केला आणि त्याची शिक्षा आपल्या कुटुंबावर पडू नये म्हणून देशत्याग पत्करला. निघण्यापूर्वी तो आईवडिलांशी बोलला, यशोधरेशी बोलला. यशोधरेने त्याला अडवले नाही, उलट धीर दिला.

पुढचा भाग आपण नीट वाचत नाही. परिव्राजक झाल्यावर सिद्धार्थाला बातमी कळते की शाक्य-कोलियांचा समेट झाला. ज्या कारणाने घर सोडले ते कारण संपले. मग परत का जाऊ नये? हा प्रश्न सिद्धार्थ स्वतःला विचारतो. विचारांती त्याला दिसते की पाण्याचा तंटा हा एका मोठ्या दुःखाचा लहानसा भाग होता. माणसामाणसांतील आणि वर्गावर्गांतील संघर्ष अजून तसाच आहे. त्यावर उपाय शोधण्यासाठी तो पुढे जातो.

वाचकहो, येथे दोन गोष्टी ध्यानात ठेवा. सिद्धार्थ सांगून निघाला. आणि वाटेत त्याने आपला हेतू पुन्हा तपासला.

३. विनयातील प्रश्न

भगवंतांनी संघ स्थापन केल्यावर कोणीही उठावे आणि घर सोडून भिक्खू व्हावे, असे ठेवले नाही. उपसंपदेच्या वेळी उमेदवाराला प्रश्न विचारले जातात. तू स्वतंत्र आहेस ना? तुझ्यावर कर्ज नाही ना? तू राजाच्या नोकरीत नाहीस ना? आईवडिलांची परवानगी आहे ना? वयाची वीस वर्षे पूर्ण झाली ना? पात्र आणि चीवर तयार आहे ना?

या प्रश्नांमागे घडलेले प्रसंग आहेत. बिंबिसाराचे काही सैनिक सरहद्दीवरील कामगिरी टाळून प्रव्रजित झाले. राजाने तक्रार केली आणि नियम झाला की राजसेवकाला प्रव्रज्या देऊ नये. एक ऋणको देणे बुडवून भिक्खू झाला, सावकारांनी त्याला ओळखले आणि नियम झाला. राहुलला प्रव्रज्या दिल्यावर शुद्धोदनाने आपले दुःख भगवंतांपुढे मांडले आणि आईवडिलांच्या संमतीचा नियम झाला. कुरू देशातील रट्ठपाल हा श्रीमंत घरचा एकुलता मुलगा होता. आईवडील परवानगी देईनात म्हणून तो अन्न सोडून जमिनीवर पडून राहिला. अखेर त्यांनी संमती दिली, पण प्रव्रज्येनंतर भेटीला येण्याची अट घातली. रट्ठपाल पळून जाऊ शकला असता, तसे त्याने केले नाही.

भिक्खूंची चारिकाही मन मानेल तशी नव्हती. पहिल्या वर्षावासानंतर भगवंतांनी साठ भिक्खूंना निरनिराळ्या दिशांना पाठवले. दोघांनी एका वाटेने जाऊ नये, असे सांगितले. कारण जाणे हे बहुजनांच्या हितासाठी होते. सोबत आणि मौज यांसाठी नव्हते. पावसाळ्यात भिक्खू फिरले की हिरवे अंकुर तुडवले जातात, अशी लोकांनी तक्रार केली, तेव्हा तीन महिने एके ठिकाणी राहण्याचा नियम झाला. भटकणाऱ्याच्या पायाखाली दुसऱ्याचे पीक येता कामा नये!

४. धर्मानंद कोसंबी : एक उदाहरण

आता अलीकडचे उदाहरण घेऊ. धर्मानंद कोसंबी १८७६ साली गोव्यातील साखवाळ येथे जन्मले. शिक्षण थोडे मराठी. घरी नारळाची बागायत. 'बाळबोधमेवा' या मुलांच्या मासिकातील बुद्धचरित्र वाचून त्यांना ध्यास लागला. १८९९ साली पत्नी बाळाबाई आणि तान्ही मुलगी माणिक यांना मागे ठेवून ते निघाले. पुणे, ग्वाल्हेर, काशी, नेपाळ, बोधगया, कलकत्ता असे करीत १९०२ साली ते श्रीलंकेला पोहोचले. तेथे सुमंगल महास्थविरांच्या विद्योदय विद्यालयात पालि शिकले आणि श्रामणेर झाले. पुढे ते ब्रह्मदेशातही राहिले. १९०६ साली चीवर उतरवून ते गृहस्थजीवनात परतले आणि सुमारे सात वर्षांनी गोव्यात घरच्यांना भेटले.

त्यानंतर कलकत्ता विद्यापीठात पालि शिकवण्याची चांगली नोकरी मिळाली. तीही त्यांनी सोडली. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी महाराष्ट्रात राहून काम करण्यासाठी दरमहा ५० रुपये देऊ केले. कलकत्त्याच्या मानाने ही रक्कम लहान होती, पण मराठी माणसाला त्याच्या भाषेत धम्म सांगायचा हा त्यांचा मूळ हेतू होता. १९१० साली 'विसुद्धिमग्ग' या ग्रंथाच्या संपादनासाठी ते अमेरिकेत हार्वर्डला गेले आणि पुढे आणखी तीन वेळा गेले. १९२९ साली रशियातील लेनिनग्राडलाही गेले. या भ्रमंतीतून काय परत आले? विद्यापीठांत पालि आली, 'बुद्धलीलासारसंग्रह' आला, 'भगवान बुद्ध' आला. १९३७ साली परळच्या कामगार वस्तीत 'बहुजन विहार' उभा राहिला.

हे ऋण मान्य करूनही दोन गोष्टी सांगितल्या पाहिजेत. पहिली : काशीत शिकत असताना कोसंबी अन्नछत्रात जेवले. ते जन्माने ब्राह्मण नसते तर? आपल्यापैकी एखादा तरुण त्याच ध्यासाने त्याच वर्षी काशीला गेला असता, तर अन्नछत्राचे दार आणि शास्त्र्यांची पाठशाळा दोन्ही त्याला बंद होती. तेव्हा 'त्यांनी रिकाम्या हाताने जग पाहिले, तू का नाही?' असे आपल्या मुलाला म्हणताना सर्वांचे रिकामे हात सारखे नसतात, हे लक्षात असू द्या.

दुसरी : या प्रवासाची किंमत बाळाबाईंनी मोजली. नवरा परत येईल की नाही हे ठाऊक नसताना तान्ह्या मुलीला घेऊन सात वर्षे काढणे ही काय तपश्चर्या आहे, हे आपल्या आयाबहिणींना विचारा. १९१८ साली कोसंबी दोन मुलांना घेऊन पुन्हा अमेरिकेला गेले, तेव्हाही बाळाबाई मागेच राहिल्या. कोसंबींच्या ग्रंथांवर त्यांचे नाव छापलेले नाही, पण त्यांचा वाटा त्यात आहे.

५. बाबासाहेबांचा राजीनामा

नोव्हेंबर १९१८ मध्ये बाबासाहेब मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक झाले. पगार दरमहा ४५० रुपये. त्या काळी हा पगार केवढा! अस्पृश्य समाजातील माणसाच्या हाती अशी नोकरी आली तर ती सोडण्याचा विचार कोणाच्या स्वप्नातही आला नसता. मार्च १९२० मध्ये बाबासाहेबांनी ती सोडली आणि लंडनला अपुरा राहिलेला अभ्यास पुरा करण्यासाठी ते निघाले.

पण कसे निघाले? पगारातून पैसे शिल्लक टाकले. शाहू महाराजांची मदत घेतली. नवल भथेना या मित्राकडून ५,००० रुपये कर्जाऊ घेतले. परळच्या चाळीत रमाईंनी काटकसरीने संसार ओढला आणि दुःखे गिळली. लंडनमध्ये बाबासाहेब अर्धपोटी राहून ग्रंथालयात बसले. १९२३ साली ते परतले. पुढच्याच वर्षी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली, आणि त्यानंतरचा इतिहास आपण जाणतो. त्यांनी सोडलेली नोकरी एका घराची होती. त्यांनी आणलेली विद्या सबंध समाजाच्या कामी आली.

तरीही रमाईंच्या वाट्याला आलेले कष्ट त्यामुळे कमी झाले, असे म्हणता येणार नाही. बाबासाहेबांनी ते कधी विसरले नाहीत. 'थॉट्स ऑन पाकिस्तान' हा ग्रंथ त्यांनी रमाईंच्या स्मृतीला अर्पण केला.

६. आपण काय घ्यावे?

नोकरी सोडून निघू इच्छिणाऱ्या तरुणाने स्वतःला चार प्रश्न विचारावेत.

एक : माझ्यावर कोणाचे ऋण आहे? बँकेचे कर्ज तर आहेच. पण धाकट्या बहिणीचे शिक्षण, आईचे औषध, ज्या भावाने शाळा सोडून मला शिकवले त्याचा वाटा, हेही ऋणच. सिगाल सुत्तात गृहस्थाने कमाईचे चार भाग करावेत, एक उपभोगासाठी, दोन उद्योगासाठी आणि चौथा अडचणीच्या दिवसांसाठी, असे सांगितले आहे. तो चौथा भाग ज्याच्याजवळ नाही, त्याने आधी तो साठवावा.

दोन : मी सांगून निघतो आहे की पळून? घरच्यांची नाराजी असू शकते. सिद्धार्थाच्या घरीही अश्रू होते. पण त्यांच्यासमोर बसून बोलण्याचे धैर्य नसेल, तर जग पाहण्याचे धैर्य कोठून येणार?

तीन : मी काय शोधतो आहे? साहेबाचा जाच, जातीचे टोमणे, कंटाळा यांपासून सुटका हवी असेल, तर तृष्णा आणि द्वेष सामानातून बरोबरच येतील. कचेरीतील अन्यायाशी लढायचे असेल, तर ते येथेच राहून लढावे लागेल.

चार : माझ्या जाण्याने इतरांना काय मिळेल? प्रत्येकाने ग्रंथच लिहावा असे नाही. एखादी भाषा, एखादी कला, इतर देशांतील बौद्ध कसे जगतात याची माहिती परत येऊन वस्तीतल्या चार मुलांना सांगितली, तरी चारिका कारणी लागली.

या चारही प्रश्नांची उत्तरे प्रामाणिकपणे देता आली, तर त्या तरुणाला अडवू नका. त्याची बॅग भरायला मदत करा. देता आली नाहीत, तर त्याने आणखी दोन वर्षे नोकरी करावी. त्यात कमीपणा नाही. अनाथपिंडिकाने घर आणि व्यापार सोडला नाही, तरी जेतवन त्याच्याच दानाने उभे राहिले.

आणि घरच्यांनाही एक विनंती. पगार थांबेल या एकाच भीतीने मुलाच्या पायात बेडी घालू नका. आपल्या वाडवडिलांच्या पायात ती पिढ्यान्‌पिढ्या होती.

स्वाध्यायासाठी

१) सिद्धार्थाच्या गृहत्यागाची प्रचलित कथा आणि बाबासाहेबांची मांडणी यांत कोणता फरक आहे?
२) उपसंपदेच्या वेळी विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांपैकी गृहस्थाला लागू पडणारे प्रश्न कोणते?
३) आपल्या घरातून शिक्षणासाठी वा कामासाठी दूर गेलेल्या माणसामागे कोण राहिले? त्यांच्याशी बोला आणि ते काय सांगतात ते पुढील अभ्यासवर्गात सांगा.