पेन्सिल सेलची जोडी : जिओकॅशिंगच्या जीपीएस यंत्रासाठी चार्जिंगचे सेल निवडताना

शाळेच्या भूगोल-कक्षातील कपाटात हातात मावणारी दोन जीपीएस यंत्रे आहेत. जर्मनीत नोकरीस असलेल्या एका माजी विद्यार्थ्याने ती पाठविली, आणि सोबतच्या पत्रात एवढेच लिहिले होते की, तिकडे सुटीच्या दिवशी आपण ज्या खेळात रमतो तो आपल्या वसतिगृहातील मुलांनाही खेळता यावा. यंत्रे उत्तम होती. पत्रात लिहायचे राहून गेलेली गोष्ट एकच, ती म्हणजे सेलची. पहिल्या वर्षी आम्ही या यंत्रांवर जितका विचार केला, त्याच्या कितीतरी पट अधिक विचार त्यांच्या पाठीमागच्या खोबणीत बसणाऱ्या दोन पेन्सिल सेलवर करावा लागला. त्या अनुभवाचा पाठ स्मरणिकेच्या वाचकांपुढे ठेवीत आहोत. ज्यांच्या घरी टॉर्च, कॅमेरा वा मुलांची खेळणी सेलवर चालतात, त्यांनाही त्यातील बराचसा भाग उपयोगी पडेल.

प्रथम खेळाविषयी थोडे. 2 मे 2000 रोजी अमेरिकी शासनाने नागरी वापराच्या जीपीएस संकेतांत हेतुपुरस्सर मिसळलेली चूक काढून टाकली. तोवर शंभर मीटरपर्यंत चुकणारे यंत्र एका रात्रीत दहा-वीस मीटरांच्या आत आले. दुसऱ्याच दिवशी, 3 मे रोजी, डेव्ह उल्मर या गृहस्थांनी ऑरेगन राज्यातील बीव्हरक्रीकजवळच्या रानात एक काळी बादली ठेवली, तीत काही वस्तू व एक नोंदवही घातली आणि तिचे अक्षांश-रेखांश जाहीर केले. ज्याला सापडेल त्याने काही घ्यावे, काही ठेवावे व वहीत नोंद करावी, एवढाच नियम होता. त्याच महिन्याच्या अखेरीस या खेळाला ‘जिओकॅशिंग’ हे नाव मिळाले. आज जगभर असे डबे लपविलेले आहेत. डबा जमिनीत पुरू नये, घेतलेल्या वस्तूच्या तोडीची वस्तू ठेवावी, जागेची नासधूस करू नये, हे संकेत खेळणारे पाळतात. आमची मुले शाळेमागच्या टेकडीवर आपलेच डबे लपवितात व एकमेकांना अंक देतात. भूगोलाच्या पुस्तकातील अंश, मिनिटे आणि सेकंद त्यांच्या पायांखाली येतात, हा आमचा खरा लाभ.

हे सारे मोबाइलवर होत नाही काय, असे पालक विचारतात. होते; परंतु डोंगरावर मोबाइलची शक्ती हाक मारण्यासाठी राखून ठेवावी असे आमचे मत आहे. शिवाय मोबाइलचा सेल संपला की तो तेथे बदलता येत नाही, पेन्सिल सेल मात्र बदलता येतो. यंत्राचे सारे सामर्थ्य या एका सोयीत आहे, आणि आम्ही नेमकी तीच सोय वाया घालविली होती.

या जातीचे यंत्र किती वीज खाते? दोन सेलवर पंचवीस तास चालते असे उत्पादक सांगत असतील, आणि सेलची धारणाशक्ती 2000 मिलिअँपिअर-तास असेल, तर भागाकार करून सुमारे 80 मिलिअँपिअर एवढा प्रवाह येतो. मात्र ते पंचवीस तास आदर्श परिस्थितीतले. पडद्यामागचा दिवा लावला, विद्युत होकायंत्र चालू ठेवले, की हिशेब झपाट्याने खाली येतो. जिओकॅशिंगमध्ये तर शेवटचे दहा मीटर सर्वांत महाग पडतात. यंत्र म्हणते, पोहोचलात. डबा मात्र दिसत नाही. मग झाडाखाली, दगडाआड, दिवा लावून, पडद्यावरची सुई पाहत अर्धा-पाऊण तास जातो. सेल तेथे संपतात, वाटेत नव्हे.

गावच्या दुकानात मिळणारा स्वस्त पेन्सिल सेल बहुधा झिंक-कार्बनचा असतो. भिंतीवरील घड्याळ व टीव्हीचा रिमोट यांना तो पुरतो, कारण त्यांची मागणी थेंबाथेंबाची असते. जीपीएसची मागणी धारेची. तेथे तो लवकर मान टाकतो. अल्कलाइन सेल त्याहून पुष्कळ चांगला, 1.5 व्होल्टपासून सुरू होऊन हळूहळू उतरत जाणारा. परंतु दर रविवारी चार अल्कलाइन सेल विकत घेणे आमच्या वसतिगृहाला झेपणारे नव्हते, आणि ते वापरून झाल्यावर फेकणे मनाला पटणारे नव्हते. आणखी एक दोष आम्ही प्रत्यक्ष पाहिला. एका यंत्रात अल्कलाइन सेल उन्हाळी सुटीभर तसेच राहिले. जूनमध्ये झाकण उघडले तेव्हा खोबणीत पांढरा थर साचला होता. आतील पोटॅशियम हायड्रॉक्साइड पाझरून त्याने धातूच्या पट्ट्या खाल्ल्या होत्या. लिंबाच्या रसात बुडविलेल्या कापसाच्या बोळ्याने पुसून यंत्र वाचले, पण एक पट्टी कायमची काळी पडली. एकदाच वापरायचे लिथियमचे 1.5 व्होल्टचे सेल वजनाला हलके व कडाक्याच्या थंडीतही टिकणारे असतात. हिमालयात जाणाऱ्यांनी ते जरूर न्यावेत, आमच्या टेकडीला त्यांची गरज नाही.

म्हणून आम्ही चार्जिंगच्या सेलकडे वळलो, आणि येथे आमची पहिली चूक झाली. बाजारात जो आकडा मोठा तो सेल चांगला, असे समजून आम्ही साधे निकेल मेटल हायड्राइड सेल आणले. या साध्या जातीचा स्वभाव असा की, चार्ज करून नुसते ठेवले तरी पहिल्या महिन्यातच पाचवा ते तिसरा हिस्सा आपोआप ओसरतो. दोन महिने पेटीत पडलेला ‘भरलेला’ सेल भरलेला नसतो, हे आम्हांस ठाऊक नव्हते.

ते ठाऊक झाले हरिश्चंद्रगडावर. भाद्रपदात अकरा मुलांना घेऊन आम्ही पाचनईच्या वाटेने चढलो होतो. मंदिरापासून कोकणकड्यापर्यंतचे पठार स्वच्छ हवेत सोपे आहे. परतताना धुके उतरले आणि दहा पावलांपुढचा मुलगा दिसेनासा झाला. मंदिराचे स्थान यंत्रात नोंदविले होते, म्हणून चिंता नव्हती. पडद्यावर सेलचे चिन्ह अर्धे दिसत होते. ते नेहमीच अर्धे दिसे, त्यामुळे त्याकडे लक्ष देण्याची सवय आम्हांस उरली नव्हती. अशा अवस्थेत यंत्र बंद पडले. राखीव जोडी घातली. ती दोन महिन्यांपूर्वी चार्ज केलेली. यंत्र उजळले आणि पुन्हा विझले. सारे जण हात धरून एका कातळावर बसले. सर्वांत लहान मुलाने आपली टॉर्च पुढे केली, दिवसाउजेडी टॉर्च कशाला असे म्हणून आम्हीच सकाळी त्याची थट्टा केली होती. तीत दोन अल्कलाइन पेन्सिल सेल होते. ते घातल्यावर यंत्र सुरू झाले आणि त्याने दाखविले की आम्ही मंदिरापासून जेमतेम तीनशे मीटरांवर होतो, पण तोंड उलट दिशेला होते. त्या दिशेला कडा आहे.

परत आल्यावर आम्ही त्या दिवसाची चिरफाड केली. चुका तीन होत्या आणि त्या एकमेकींत गुंतलेल्या होत्या.

पहिली चूक मांडणीची. यंत्राच्या सेटिंगमध्ये सेलचा प्रकार निवडावा लागतो : अल्कलाइन, लिथियम की निकेल मेटल हायड्राइड. यंत्र सेलमधील शिल्लक मोजत नाही. ते केवळ व्होल्ट पाहून अंदाज बांधते. निकेल मेटल हायड्राइड सेल बहुतेक काळ 1.2 व्होल्टच्या आसपास सपाट चालतो व अखेरीस एकदम कोसळतो. अल्कलाइन सेल त्या पातळीला येतो तेव्हा त्याचे बरेचसे आयुष्य सरलेले असते. आमच्या यंत्रात ‘अल्कलाइन’ निवडलेले राहिले होते, म्हणून पूर्ण भरलेली जोडीही त्याला लवकरच अर्धी वाटे. जो मापक सतत खोटे सांगतो त्याने खरे सांगितले तरी कोण ऐकणार?

दुसरी चूक जोडीची. यंत्रातील दोन सेल एकापाठोपाठ जोडलेले असतात. एकच प्रवाह दोघांतून जातो. एक सेल दुबळा असेल तर तो आधी रिता होतो आणि दुसरा त्याच्यातून प्रवाह ढकलीतच राहतो. रित्या सेलची ध्रुवता उलटू लागते व तो कायमचा बिघडतो. आम्ही डब्यातून हाताला येतील ते दोन सेल उचलीत असू, एक नवा, एक जुना. जोडीची ताकद दुबळ्या सेलएवढीच असते, आणि दर वापरागणिक तो अधिकच दुबळा होत जातो. आता प्रत्येक सेलवर जोडीचा क्रमांक व खरेदीचा महिना लिहिलेला आहे. जोडीतले सेल एकत्र वापरले जातात, एकत्र चार्ज होतात.

तिसरी चूक जातीची, म्हणजे सेलच्या निवडीची. तीवर थोडे थांबू. नोव्हेंबर 2005 मध्ये जपानच्या सान्यो कंपनीने ‘एनेलूप’ नावाचे सेल आणले. रसायन तेच, परंतु आपोआप होणारी गळती फार कमी. वर्षभर ठेवले तरी बहुतांश शक्ती शिल्लक. पुढे इतर कंपन्यांनीही असे सेल काढले. वेष्टनावर ‘प्री-चार्ज्ड’ किंवा ‘रेडी टू यूज’ असे लिहिलेले असते. त्यांचा आकडा सहसा 1900 ते 2100 च्या दरम्यान, म्हणजे मोठ्या आकड्याच्या सेलपेक्षा लहान. त्याच जातीत 2500 च्या घरातले सेलही मिळतात, पण अधिक धारणाशक्तीची किंमत आयुष्याने मोजावी लागते. एनेलूपच्या बाबतीत कंपनीचाच दावा साध्या सेलसाठी 2100 वेळा व मोठ्यासाठी 500 वेळा चार्ज करता येण्याचा आहे. आठवड्यातून एकदा यंत्र बाहेर काढणाऱ्या आमच्यासारख्यांनी सुमारे 2000 चा, कमी गळतीचा सेल घ्यावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. रोज दिवसभर यंत्र वापरणाऱ्याने मोठा घ्यावा.

आणि वेष्टनावर 3000 किंवा त्याहून मोठा आकडा दिसला तर सेल परत ठेवावा. पेन्सिल आकाराच्या निकेल मेटल हायड्राइड सेलमध्ये 2700-2800 च्या पलीकडे शक्ती मावत नाही. खरा सेल हातावर जड लागतो, सव्वीस ते तीस ग्रॅमचा. सराफाच्या नव्हे, पण किराण्याच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर तो तोलून पाहावा. पंधरा-अठरा ग्रॅम भरला तर आकडा खोटा समजावा. याहून गंभीर धोका त्याच आकाराच्या ‘14500’ या लिथियम-आयन सेलचा. तो 3.7 व्होल्टचा असतो. खोबणीत तो अगदी नीट बसतो, आणि दोन सेल बसविले तर तीन व्होल्टच्या यंत्रात सात व्होल्टच्या वर दाब जातो. अलीकडे 1.5 व्होल्ट देणारे, वायरने थेट चार्ज होणारे लिथियम सेलही मिळतात. ते यंत्राला अपाय करीत नाहीत; पण शेवटच्या क्षणापर्यंत 1.5 व्होल्ट देऊन एकाएकी बंद होतात. चिन्ह भरलेले आणि यंत्र मेलेले! हरिश्चंद्रगडानंतर आम्हांस ते नको वाटतात.

चार्जरवर आम्ही सेलपेक्षा अधिक पैसे खर्च केले आणि त्याचा पश्चात्ताप झाला नाही. स्वस्त चार्जर केवळ घड्याळ पाहतो, किंवा तेही पाहत नाही. चांगला चार्जर प्रत्येक सेलकडे स्वतंत्रपणे पाहतो. सेल भरत आला की त्याचे व्होल्ट किंचित, काही सहस्रांश व्होल्टने, खाली येतात व तो तापू लागतो. ही खूण ओळखून चार्जर थांबतो. प्रवाह फारच मंद असेल तर ही खूण अस्पष्ट होते, म्हणून 2000 च्या सेलला हजाराच्या आसपास मिलिअँपिअर ठीक. वैशाख-ज्येष्ठात पत्र्याच्या खोलीत दुपारी चार्जिंग करू नये. तापलेला सेल नीट भरत नाही व लवकर म्हातारा होतो. पूर्ण रिता केल्याशिवाय चार्ज करू नये हा जुना उपदेश निकेल-कॅडमियम सेलच्या काळातला आहे. आजच्या सेलला अर्ध्यावर चार्ज केल्याने अपाय होत नाही, अगदी तळापर्यंत पिळल्याने मात्र होतो.

खर्चाचा हिशेब मुलांनीच मांडला. चार्जिंगचा सेल साध्या सेलच्या दहा पट महाग धरला, तर अकराव्या वापरापासून तो फुकट पडतो; चार्जरची किंमत मिळवली तरी आमचे पैसे दुसऱ्या सत्रात वसूल झाले.

आता भूगोल-कक्षात एक वही आहे. सहलीच्या आदल्या रात्री इयत्ता नववीचे दोन विद्यार्थी प्रत्येक जोडी चार्ज करून तारीख लिहितात, यंत्राचे सेटिंग तपासतात, राखीव जोडी प्लॅस्टिकच्या डबीत घालतात. खिशात नाण्यांबरोबर सुटे सेल ठेवण्यास सक्त मनाई आहे, कारण दोन टोके धातूने जोडली गेली तर असा सेल कपडे जाळण्याइतका तापतो. सुटीपूर्वी यंत्रांतील सेल काढले जातात. निकामी सेल कचऱ्यात न टाकता वेगळे साठवून संकलन केंद्राकडे द्यावयाचे. 2022 च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार ग्राहकाचे ते कर्तव्यच आहे.

चार्जरवर वर्षातून एकदा प्रत्येक सेलची धारणाशक्ती मोजतो. यंदा जोडी क्रमांक तीन निम्म्याच्या थोडीच वर भरली. डोंगरावर तिला नेत नाही. तिचा एक सेल भोजनगृहातील घड्याळात आहे, दुसरा अभ्यासिकेतील. त्या लहान मुलाची टॉर्च मात्र अजून सहलीच्या पिशवीत सर्वांत वर असते, आणि तिच्यातील अल्कलाइन सेल दर सहा महिन्यांनी तोच बदलतो.