विभागीय चौकशी आणि उलटतपासणीचा सराव

आपल्या समाजातील पहिल्या दोन पिढ्या शासकीय नोकरीत शिरल्या त्या शिपाई, तलाठी, कारकून, पोलीस शिपाई अशा पदांवर. एका पगारावर आठ-दहा माणसे जगली, धाकट्यांची शिक्षणे झाली. म्हणूनच घरातल्या नोकरदाराच्या हाती दोषारोपपत्र पडले की साऱ्या घराचा धीर सुटतो. मग धावपळ सुरू होते ती वकिलासाठी. आणि तेथेच पहिला धक्का बसतो.

महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, १९७९ मधील नियम ८ अन्वये मोठ्या शिक्षेसाठीची चौकशी होते. तीत शासनाची बाजू मांडणारा सादरकर्ता अधिकारी स्वतः वकील असेल, किंवा शिस्तभंगविषयक प्राधिकाऱ्याने परवानगी दिली, तरच कर्मचाऱ्याला वकील देता येतो. एरवी मदतीला घ्यावयाचा तो दुसरा शासकीय कर्मचारी, म्हणजे बचाव सहायक. हा सहायक आपल्यातूनच तयार व्हायला हवा. पुण्याच्या यशदासारख्या संस्थेत अधिकाऱ्यांना चौकशीचे प्रशिक्षण मिळते. कळंब-परंड्याच्या कारकुनाला ते कोण देणार?

प्रस्तुत लेखक वकील नाही, बँकेतील कारकून आहे. बँकेचे नियम वेगळे. परंतु सहकाऱ्यांच्या चौकशीत बचावासाठी बसल्यावर एक गोष्ट ध्यानात आली, की बहुतेक माणसे हरतात ती न विचारलेल्या प्रश्नांमुळे नव्हे, तर जास्तीच्या प्रश्नांमुळे.

दोषारोपपत्राला चार जोडपत्रे असतात. पहिल्यात दोषारोप, दुसऱ्यात त्यांचे विवरण, तिसऱ्यात कागदपत्रांची यादी, चौथ्यात साक्षीदारांची. वाचायला सुरुवात तिसऱ्या आणि चौथ्यापासून करावी, असे माझे मत आहे. आरोप कितीही भयंकर शब्दांत लिहिलेला असो, तो ज्या कागदावर उभा आहे तो कागद यादीत आहे काय, आणि तो सिद्ध करणारा साक्षीदार आहे काय, हे पाहावे. रूपसिंग नेगी विरुद्ध पंजाब नॅशनल बँक (२००९) या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की कागद नुसता दाखल केला म्हणून पुरावा होत नाही. तो साक्षीदाराकरवी सिद्ध व्हावा लागतो. कागदपत्रांची पाहणी आणि साक्षीदारांच्या पूर्वीच्या जबाबांच्या नकला लेखी मागाव्यात, अर्जावर पोच घ्यावी. तोंडी मागणीला रोजनाम्यात जागा नसते.

आता उलटतपासणी. समजा, एका तलाठ्यावर (हल्लीचे ग्राम महसूल अधिकारी) अमुक तारखेला सज्जावर गैरहजर असल्याचा आरोप आहे. साक्षीदार त्याचेच मंडळ अधिकारी. नवखा माणूस उभा राहून विचारतो, ‘साहेब, तुम्ही माझ्याविरुद्ध खोटे का सांगता?’ झाले! साहेबांना मोकळे रान मिळाले. मागल्या पाच वर्षांच्या तक्रारी ते सांगून टाकतात आणि त्या जबाबात लिहिल्या जातात. त्याऐवजी लहान प्रश्न असावेत. आपण सज्जावर किती वाजता पोहोचलात? त्या वेळी पंचनामा केला काय? त्याच दिवशी तहसीलला बैठक होती, हे खरे काय? बैठकीस हजर राहण्याचे हे पत्र आपल्या सहीचे आहे काय? आणि एवढ्यावर खाली बसावे. ‘मग मी गैरहजर कसा?’ हा प्रश्न विचारू नये. तो मुद्दा शेवटच्या लेखी निवेदनात मांडावयाचा. ज्या प्रश्नाचे उत्तर आपल्याला कागदावरून आधीच ठाऊक नाही, तो टाळलेला बरा.

खरी अडचण कायद्याची नसून जिभेची आहे. ज्या साहेबापुढे वीस वर्षे ‘हो जी’ म्हटले, त्यालाच प्रश्न विचारायचे! ही भीड घरी वाचून मोडत नाही, सरावानेच मोडते. म्हणून संस्थेच्या सभागृहात महिन्यातून एका रविवारी खोटी-खोटी चौकशी भरवावी. निवृत्त अव्वल कारकुनाने चौकशी अधिकारी व्हावे, कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी साक्षीदार आणि सादरकर्ता अधिकारी. रोजनामा मुलींनी लिहावा असे मात्र ठरवू नये. त्यांनाही उभे राहू द्यावे.

आणखी एक गैरसमज. फौजदारी कोर्टात निर्दोष सुटलो म्हणजे चौकशी आपोआप संपली, असे अनेकजण धरून चालतात. तसे नाही. तेथे गुन्हा निःसंशय सिद्ध व्हावा लागतो. येथे घडले असण्याची शक्यता अधिक, एवढे पुरते. संशयाच्या फायद्यावर विसंबून राहू नये.

चौकशी अहवालाची प्रत शिक्षेपूर्वी मिळालीच पाहिजे, हे १९९३ च्या करुणाकर निकालाने पक्के झाले आहे. पण प्रत न मिळाल्याने आपल्या बचावाचे काय नुकसान झाले, तेही दाखवावे लागते.

शिक्षेचा आदेश आल्यावर दिवस मोजायला लागावे. आधी विभागीय अपील. त्यावर सहा महिन्यांत निर्णय न झाल्यास पुढील एका वर्षात, आणि निर्णय झाल्यास त्या तारखेपासून एका वर्षात, महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे जाता येते. हे न्यायाधिकरण १९९१ साली स्थापन झाले. आपल्या धाराशिव जिल्ह्यासाठी खंडपीठ छत्रपती संभाजीनगरला आहे. तेथे वकील लावता येतो, स्वतःही बाजू मांडता येते. मात्र मंत्रालयात विनंतीअर्जांवर अर्ज पाठवीत राहिल्याने ही मुदत वाढत नाही. पोचपावत्यांची फाईल जाडजूड आणि मुदत उलटून गेलेली, अशी माणसे आपल्या जिल्ह्यात थोडी नाहीत.