नानींचा बटवा

[पोटाच्या लहानसहान तक्रारींवर घराघरांत ओवा, बडीशेप, इसबगोल यांसारखी औषधे दिली जातात. ती कशी काम करतात आणि कोणत्या वेळी देऊ नयेत, हे प्रस्तुत पाठात लेखकाने आजोळच्या आठवणींतून सांगितले आहे.]

माझे आजोळ मालेगावचे. उन्हाळ्याची सुट्टी लागली, की आम्ही सारी भावंडे नानींच्या घरी जमत असू. गल्लीत दिवसभर यंत्रमागांचा खटखटाट चाले. त्या आवाजात ओरडून बोलायची सवय आम्हांला दोन दिवसांतच लागे. आंबे, कुल्फी, लग्नाच्या दावती यांना तर अंतच नसे. साहजिकच रोज कोणाचे ना कोणाचे पोट बिघडे आणि नानींचा बटवा उघडला जाई.

बटवा हिरव्या मखमलीचा होता. आत कापडाच्या लहान लहान पुरचुंड्या होत्या. नानींना लिहिता-वाचता फारसे येत नव्हते. पण दिवे गेले, तरी त्या नुसत्या वासावरून हवी ती पुरचुंडी काढत. "ही अजवाइन. तुमच्या मराठीच्या पुस्तकात हिला ओवा म्हणतात ना? आणि सौंफ म्हणजे बडीशेप," असे त्या आम्हांला सांगत. पोट फुगले, की चिमूटभर ओवा आणि काळे मीठ कोमट पाण्याबरोबर मिळे. ओवा चावला, की जीभ चुरचुरते आणि नाकात तीव्र वास भरतो. तो वास थायमॉल नावाच्या द्रव्याचा. मळमळ होत असली, तर आल्याचा तुकडा मिळे. आल्याने मळमळ कमी होते, हे पुढे डॉक्टरांच्या तपासण्यांतही दिसून आले आहे.

पण बटव्यातली माझी सर्वांत आवडती वस्तू म्हणजे इसबगोल. या नावाची गंमत मला नानांनी सांगितली. फारसीत अस्प म्हणजे घोडा. इसबगोलाचे बी घोड्याच्या कानासारखे दिसते, म्हणून ते अस्पगोल. उर्दूत आजही तसेच लिहितात. मराठीत येता येता त्याचे इसबगोल झाले. मी एक बी तळहातावर घेऊन पाहिले. ते गुलाबी-करड्या रंगाचे, होडीसारखे खोलगट होते. घोड्याचा कान मला काही दिसला नाही. पण नानांपुढे तसे बोलायची सोय नव्हती.

शब्द असे गावोगाव फिरतात. फारसीतून इसबगोल आपल्याकडे आले, तर आपल्याकडून त्रिफळा तिकडे गेला. हिरडा, बेहडा आणि आवळा या तीन फळांचे चूर्ण म्हणजे त्रिफळा. युनानी हकीम त्यालाच इत्रीफल म्हणतात आणि फळांची नावे हलेला, बलेला, आमला अशी घेतात. यांतला हिरडा पुणे जिल्ह्यातील जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांच्या डोंगरांत खूप होतो. तेथील आदिवासी आत कोय धरण्याआधीच कोवळी फळे गोळा करून वाळवतात. त्यांना बाळहिरडा म्हणतात. मालेगावच्या अत्ताराच्या दुकानात लाकडी खणांत ही काळी, सुरकुतलेली फळे भरून ठेवलेली असत.

इसबगोल मात्र मुख्यतः गुजरात आणि राजस्थानात पिकते. मेहसाणा जिल्ह्यातील उंझा येथे त्याची मोठी बाजारपेठ आहे. हे थंडीतले पीक. पेरल्यापासून सुमारे चार महिन्यांत ते तयार होते. कापणी सकाळच्या वेळी करतात. कारण ऊन चढले, की कोरडी बोंडे फुटून बी जमिनीवर सांडते.  कापणीच्या वेळी अवकाळी पाऊस आला, तर हातचे पीक जाते. बियांवरचा पातळ पापुद्रा गिरणीत वेगळा काढतात. तोच इसबगोलाचा भुसा. वजनाने तो बियांच्या साधारण पाव हिस्सा भरतो. किंमत असते ती त्यालाच.

एकदा नानी नमाज पढत असताना मी पुरचुंडीतून चमचाभर भुसा घेतला आणि सरळ फक्की मारली. क्षणात तो भुसा जिभेला, टाळूला, घशाला चिकटला. गिळता येईना, थुंकता येईना. मी खोकून खोकून लालबुंद झालो. सारा भुसा बाहेर पडला, तेव्हा कुठे जिवात जीव आला.

नानी रागावल्या नाहीत. त्यांनी एका ग्लासात पाणी घेतले, त्यात चमचाभर भुसा टाकला आणि म्हणाल्या, "बस इथं. बघ काय होतं ते." थोड्याच वेळात भुसा फुगू लागला. काही मिनिटांनी ग्लासात बुळबुळीत लगदा तयार झाला. "हे तुझ्या गळ्यात झालं असतं तर?" नानींनी विचारले. मी काय बोलणार?

तो ग्लास म्हणजे इसबगोलाचे सारे शास्त्रच होते. हा भुसा आपल्याला पचत नाही. तो आतड्यात पाणी धरून ठेवतो आणि फुगतो. त्यामुळे मल मऊ होतो आणि सहज पुढे सरकतो. म्हणूनच तो भरपूर पाण्यात कालवून लगेच प्यायचा आणि वर आणखी एक ग्लास पाणी प्यायचे. पाणी कमी पडले, तर फायदा दूरच, उलट घशात किंवा आतड्यात अडथळा होतो. नाना मधुमेहाची गोळी घेत. ती गोळी आणि इसबगोल यांत नानी दोन तासांचे अंतर ठेवत, कारण फुगलेला भुसा औषध शरीरात शोषू देत नाही. हे त्यांना त्यांच्या हकीमसाहेबांनी शिकवले होते.

बटव्यात तळाशी एक पुरचुंडी होती. तिला दोन गाठी मारलेल्या असत. तिच्यात सना मक्की, म्हणजे सोनामुखीची पाने होती. आम्हां मुलांना तिला हात लावायची बंदी होती. नानी म्हणत, "इसबगोल आतड्याला समजावतं, सना त्याला हाकलते." त्यांचे म्हणणे बरोबर होते. सोनामुखी आतड्याच्या स्नायूंना जोराने आकुंचन पावायला लावते. ती वारंवार घेतली, तर पोटात कळा येतात, जुलाब होतात आणि शरीरातले क्षार कमी होतात. बाजारात बद्धकोष्ठावर मिळणाऱ्या कितीतरी चूर्णांत ही पाने असतात. डब्यावर मात्र हिरव्या पानाचे चित्र आणि 'संपूर्ण नैसर्गिक' अशी अक्षरे! धोतराही नैसर्गिकच आहे, हे कोणी लिहीत नाही.

जुलाब लागले, की नानी बटवा बाजूला ठेवत. एक लिटर उकळून गार केलेले पाणी, चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, हे त्यांना तोंडपाठ होते. शरीरातून गेलेले पाणी आधी भरून काढायचे, बाकीचे नंतर. १९७१ साली बांगलादेशच्या निर्वासितांच्या छावणीत पटकीची साथ आली, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी असेच मीठ-साखरेचे पाणी पाजून असंख्य लोकांचे प्राण वाचवले होते.

मी आठवीत होतो, त्या सुट्टीतली गोष्ट. माझा मामेभाऊ तेव्हा नऊ वर्षांचा होता. एका दावतीहून आल्यावर रात्री बेंबीभोवती दुखते, असे तो म्हणाला. नानींनी ओव्याचे पाणी दिले. पहाटे त्याला दोन उलट्या झाल्या आणि अंग तापले. त्याला चहाही नको होता. नानींनी त्याला उभे राहायला सांगितले. तो उजवीकडे वाकून, पोट धरून उभा राहिला. त्याला सरळ होताच येईना. "आता कुठं दुखतंय, बेटा?" त्याने उजव्या बाजूला, अगदी खाली बोट ठेवले.

शेजारच्या खाला धावत आल्या. त्यांच्या हातात एरंडेल तेलाची बाटली होती. "दावतीचं खाणं अडकलंय. दोन चमचे द्या, पोट साफ होईल," त्या म्हणाल्या. त्यांनी वाटीत तेल ओतलेसुद्धा. नानींनी ती वाटी उचलली आणि मोरीत रिकामी केली. खाला पाहतच राहिल्या.

"माझ्या धाकट्या भावाचं असंच दुखत होतं," नानी म्हणाल्या. "आम्ही त्याला एरंडेल पाजलं. मीच चमचा धरला होता." पुढे त्या काही बोलल्या नाहीत. मामूंना हाक मारून त्यांनी रिक्षा बोलावली. वाटेत मामेभाऊ पाणी मागत होता. नानींनी फक्त ओला रुमाल त्याच्या ओठांना लावला.

दवाखान्यात लगेच शस्त्रक्रिया झाली. नंतर डॉक्टरांनी मामूंना समजावून सांगितले. मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला करंगळीसारखी एक लहान नळी असते. तिला आंत्रपुच्छ म्हणतात. ती सुजली, की आधी बेंबीभोवती दुखते आणि मग दुखणे उजवीकडे खाली सरकते. अशा वेळी जुलाबाचे औषध दिले, तर सुजलेली नळी फुटून पोटभर पू पसरण्याचा धोका वाढतो. "तुम्ही सकाळपासून काही दिलं नाही, ते फार बरं झालं," डॉक्टर म्हणाले. मामूंनी नानींकडे पाहिले. त्या खिडकीबाहेर पाहत होत्या.

चौथ्या दिवशी मी नानींबरोबर दवाखान्यात गेलो. मामेभाऊ उशीला टेकून खिचडी खात होता. पोट साफ होत नाही, अशी त्याची तक्रार होती. नानींनी कमरेचा बटवा काढला आणि इसबगोलाची पुरचुंडी डॉक्टरांपुढे धरली.

"डॉक्टरसाहेब, हे दिलं तर चालेल?"

"चांगलं आहे, पण अजून आठ दिवस थांबा, नानी," डॉक्टर हसून म्हणाले.

नानींनी पुरचुंडी पुन्हा बांधली आणि बोटांवर आठ दिवस मोजले. नवव्या दिवशी सकाळी मी उठलो, तेव्हा मामेभावाच्या खाटेजवळ पाण्याचे दोन ग्लास काठोकाठ भरून ठेवलेले होते.