ओसाड खाणीत

दगडी कोळशाची खाण बंद पडली म्हणजे तेथील माणसांचे काम थांबते. निसर्गाचे काम मात्र चालूच राहते. पंप थांबताच आत पाणी चढू लागते. छताला दिलेले लाकडी टेकू कुजतात. वाटेत पसरलेली फळी वरून भक्कम दिसते. पण कधी कधी तिच्याखाली खोल विहीर असते, आणि ती फळी कुजलेली आहे हे पाऊल पडल्यावरच कळते.

परंतु मुलांनो, या सर्वांहून कपटी शत्रू म्हणजे तेथील हवा होय. वारा खेळविणारे मोठे पंखे बंद झाले, की आतील हवा कोंडते. उरलेला कोळसा आणि कुजणारे लाकूड तिच्यातील प्राणवायू हळूहळू शोषून घेतात. कार्बन डायॉक्साइड वायू साठतो व हवेहून जड असल्यामुळे सखल जागी पडून राहतो. त्याला रंग नाही. आत उतरणारा मनुष्य बेशुद्ध होऊन पडतो आणि त्याला वाचवायला धावलेला दुसराही त्याच्याच शेजारी पडतो. आपल्याकडील जुन्या, न वापरलेल्या विहिरींतही असे अपघात घडतात, म्हणून ही गोष्ट परक्या देशाची समजू नये.

१८१५ साली हंफ्री डेव्ही याने बारीक जाळीचा दिवा तयार केला. खाणीतील ज्वालाग्राही वायूचा भडका उडू नये, हा त्याचा मूळ हेतू. पण प्राणवायू कमी झाला, की त्याची ज्योत मंद होई आणि कामगार समजून मागे फिरत. ओसाड खाणीत हौसेने शिरणाऱ्याच्या हाती बहुधा विजेची बत्ती असते. ती विषारी हवेतही तितकीच लख्ख जळते!

मग ज्याला खाण पाहण्याची खरी आवड आहे, त्याने कोठे जावे? वेल्स प्रांतातील ब्लेनाव्हन येथे 'बिग पिट' नावाची खाण आहे. १९८० साली ती बंद झाली व १९८३ साली लोकांसाठी उघडण्यात आली. तेथे पाहुण्याला शिरस्त्राण, त्यावरील दिवा व त्याची विद्युत्‌घटमाला देतात. हवा बिघडल्यास काही काळ श्वास घेता यावा म्हणून एक उपकरण कमरेला बांधतात. आगपेटी, भ्रमणध्वनी, विजेवर चालणारे घड्याळ, सारे वर ठेवावे लागते. कारण एक ठिणगीही घातक ठरू शकते. नंतर लोखंडी पाळणा सुमारे ९० मीटर खाली नेतो. वाट दाखविणारे खाणकामगारच असतात. कोठे वाकावे, कोठे थांबावे, हे त्यांच्या मागून चालताना आपोआप शिकता येते. पुढे जाणकारांच्या मंडळीबरोबर इतरत्र उतरणारेही प्रत्येकी तीन दिवे जवळ बाळगतात आणि केव्हा परतणार, हे वर कोणाला तरी सांगून ठेवतात. वाटेत सापडलेल्या एखाद्या उघड्या खाणीत मात्र ते पाऊल टाकीत नाहीत. आणि मुलांनी तर तिच्या तोंडाशीही जाऊ नये.

बिग पिटमध्ये एके ठिकाणी सर्वांना दिवे मालविण्यास सांगतात. डोळ्यांपुढे धरलेला स्वतःचा हातही दिसत नाही. १८४२ सालचा कायदा होईपर्यंत ब्रिटनच्या खाणींत तुमच्याहून लहान मुले अशाच काळोखात, वाऱ्याची दारे उघडीत व लावीत, दिवसभर बसत असत.