गोठलेली गॅसची नळी

कॅनडांत व अमेरिकेच्या उत्तर भागांत, गांवापासून दूर असलेल्या पुष्कळ घरांतून चूल व घर ऊबदार ठेवणारी भट्टी हीं दोन्ही प्रोपेन वायूवर चालतात. अंगणांत वायूची मोठी टाकी असते व तींतून नळीनें वायु घरांत येतो. कडाक्याच्या थंडींत एखाद्या पहांटे भट्टी विझते, चूल पेटत नाहीं, आणि घरचीं माणसें म्हणतात, "गॅस गोठला." आपलींही कांहीं मराठी कुटुंबें आज त्या देशांत राहतात, म्हणून या प्रसंगाचा विचार आम्ही येथें करीत आहों.

वास्तविक प्रोपेन गोठत नाहीं. त्यास शून्याखालीं सुमारें १८८ अंश सेल्सिअस इतकी थंडी लागते. मग गोठतें तें काय? पाणी. टाकींत किंवा नळींत पाण्याचा थोडा अंश राहिलेला असतो. दाब कमी करणाऱ्या रेग्युलेटरमधून जातांना वायु प्रसरण पावून थंड होतो. तेथें तें पाणी गोठून वाट अडवितें. मात्र शून्याखालीं ४२ अंशांपर्यंत थंडी पडली, तर प्रोपेनची वाफच होत नाहीं व तो टाकींत द्रवरूपानें पडून राहतो.

अशा वेळीं उतावळा मनुष्य नळीवर ज्योत धरावयास धांवतो. तसें कदापि करूं नये. उष्णतेनें टाकींतील दाब वाढतो, सुरक्षेची झडप उघडते, आणि बाहेर पडणारा वायु त्याच ज्योतीवर पेट घेतो.

दुसरा धोका याहून सूक्ष्म आहे. बर्फ वितळलें कीं अडलेला वायु पुन्हां वाहूं लागतो. चुलीची तोटी उघडीच राहिली असेल, तर तो न जळतां घरांत पसरतो. प्रोपेन हवेच्या सुमारें दीडपट जड असल्यामुळें तळघरांत सांचतो. मग एक ठिणगीही पुरे होते.

म्हणून प्रथम सर्व तोट्या व नंतर टाकीची झडप बंद करावी. मग वायु पुरविणाऱ्या मंडळींच्या जाणत्या कामगारास बोलवावें. नळी मोकळी करणें व भट्टी पुन्हां पेटविणें हें त्याचें काम. तोंवर घोंगड्या पांघराव्या किंवा शेजाऱ्यांकडे जावें. बंद खोलींत कोळशाची शेगडी पेटवूं नये. तिच्यांतील कार्बन मोनॉक्साइड वासावांचून प्राण घेतो. प्रोपेनचा मुद्दाम मिसळलेला उग्र वास आला, तर विजेचें कोणतेंही बटण न दाबतां सर्वांनीं बाहेर पडावें, व दूर गेल्यावरच दूरध्वनि करावा.

आपल्या स्वयंपाकघरांतही सिलिंडरमधून एकसारखा पुष्कळ वायु घेतला, तर त्यावर दंव जमतें. तो दोष नव्हे. द्रवाची वाफ होतांना ती सिलिंडरची उष्णता ओढून घेते, इतकेंच. चूल थोडा वेळ बंद ठेवावी. सिलिंडर उकळत्या पाण्यांत ठेवूं नये किंवा शेगडीजवळ नेऊं नये. गळतीचा संशय आल्यास भारतांत १९०६ हा क्रमांक आहे; तो मुलांनीं पाठ करावा व पालकांनीं भिंतीवर लिहून ठेवावा.

ज्या वायूनें घरास ऊब मिळते, त्याचे नियम जाणून घेणें हें घरांतील लहानथोर सर्वांचें कर्तव्य आहे. थंड चुलीपुढें क्षणभर थांबून विचार करणाऱ्याचें घर सुरक्षित राहतें.